विसरकमान

कातळाच्या सपाट सड्यावर दूरवर पसरलेली जांभळी फुलं पाहून पर्यटन खात्याचे दाभोळे साहेब जागीच थांबले. मग त्यांनी बॅगेतला आराखडा काढला आणि रोपवे, हॉटेलं, वाहनतळ सगळ्यासकट टराटरा फाडला.

"ताई, इथे एक वीटसुद्धा लागणार नाही. माझा शब्द!"

सरपंच मंदाकिनीताई हसल्या. हाच शब्द त्यांनी गेल्या वर्षीही ऐकला होता, त्याच्या आदल्या वर्षीही.

गावाच्या वेशीवर विसरकमान होती. तिच्याखालून परतणाऱ्या पाहुण्याच्या डोक्यातून इथला दिवस पुसला जायचा, मनात उरायचं ते निव्वळ समाधान. कुणी कुणाला वाट सांगू शकत नव्हतं, म्हणून गर्दी होत नव्हती. पण साहेबांचा शब्दही तिथेच पुसला जायचा आणि पुढच्या वर्षी ते खात्याच्या नकाशावरून वाट काढत नवा आराखडा घेऊन हजर व्हायचे.

परतीच्या वाटेवर ताईंनी हे सांगितलं, तसे साहेब कमानीजवळ थबकले.

"मग मला तेवढं वगळा ना. आठवलं, तरच मी हे काम अडवू शकेन. एखाद्या वर्षी मी आराखडा नाही फाडला तर?"

"फाडाल," ताई ठामपणे म्हणाल्या. "आठवण राहिली असती, तर एव्हाना या फुलांची सवय झाली असती तुम्हाला. दर वर्षी पहिल्यांदाच बघता, म्हणून तर फाडता."

साहेब कमानीखालून पुढे झाले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं आणि अनोळखी माणसाला करावा तसा ताईंना नमस्कार केला.