पहिल्या चहानंतरचा आवाज

“अहो, गॅस बंद केलात का?”

“केलाय गं. बस निवांत,” ओट्यावरची डबी दिगंबररावांच्या आवाजात म्हणाली. स्वतः दिगंबरराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

कुमुदताईंना विसरायला होऊ लागल्याला तीन वर्षं झाली होती. हा एकच प्रश्न त्या दिवसातून शंभरदा विचारत. परवा दिगंबरराव इतके ओरडले, की त्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या आणि रात्री त्यांच्या पानाशेजारी जेवायलाही बसल्या नाहीत. म्हणून काल लेकीने, अनघाने, ही डबी आणली. ती शेगडीची बटणं बघते आणि उत्तर देते.

“अहो, गॅस बंद केलात का?”

“केलाय गं. बस निवांत.”

काल तिच्यात दिगंबररावांचा आवाज भरला, तेव्हा डबी आधी खेकसलीच होती. “बाबा, हा तुमचा दुपारचा आवाज आहे. पहिल्या चहानंतरचा द्या,” अनघा म्हणाली आणि तिने आधण ठेवलं.

आज दिगंबररावांनी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. शब्दकोडंही सोडवलं. संध्याकाळी कुमुदताई आपणहून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

“अहो, गॅस बंद केलात का?”

डबी बोलायच्या आत ते उठले. दिवसभरात हा प्रश्न त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. “चल, दोघं बघून येऊ.”

बटणं बंद होती. कुमुदताई हसल्या. “आज सकाळपासून किती गोड बोलताय हो!”

“चहा छान झाला होता,” ते म्हणाले.