मानेचा पट्टा

होडीतून उतरताना पाय घसरून काळूराम करंजाच्या धक्क्यावर डोक्यावर आपटला. पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्याच्या मानेला पट्टा बांधला. "स्कॅनचा रिपोर्ट येईपर्यंत मान जराही हलवायची नाही. हो-नाही तोंडाने सांगायचं."

लग्नापासून काळूराम बायकोला नुसती मान हलवूनच उत्तर द्यायचा. गुणाबाई त्याला दिसेल अशी वाकली.

"दुखतंय?"

"हाय थोडं."

"घाबरलाव?"

त्याने तिचा पदर धरला. मग म्हणाला, "हाय. तू लांब जाव नको."

संध्याकाळी डॉक्टर हसत आले. "मणके शाबूत आहेत. मान एकदा तपासतो आणि पट्टा काढून टाकतो."

गुणाबाई हळूच म्हणाली, "डॉक्टर, पट्टा आजची रात ऱ्हाऊ द्या ना."