दाराखालची पाचर

"दार उघडं ठेवलं तर चार माणसं दुकानात येतील हो," मॅनेजरबाई तिसऱ्यांदा काकुळतीला आल्या. लॅपटॉपच्या पडद्यावरचे परदेशी साहेब गोड हसले. "चाळीस देशांत लोक आमचं दार ढकलूनच आत येतात." वॉचमनकाकांनी दाराखाली सारलेली पाचर साहेबांच्याच हुकमाने काढून टेबलावर ठेवली होती. इथलं गिऱ्हाईक "या, या!" ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हतं. इतक्यात बंद दाराच्या काळ्या काचेबाहेर बाईंना आपली आई दिसली, लेकीचं दुकान बघायला ठेवणीतले कपडे घालून आलेली. तिने काचेला नाक लावून पाहिलं, काहीच दिसेना तशी घुटमळली. बाई उठू लागल्या. "बसा, बोलणं संपलं नाही," साहेब म्हणाले. आई पाठमोरी झाली. बाईंनी पाचर मुठीत आवळली. संध्याकाळी घरी आईने लेकीला जवळ घेतलं. "दुकान बंद पडलं, तर सांगायचं नाही का गं? जाऊ दे, मिळेल दुसरी नोकरी."