मावशीची गोधडी

"मोर कुणासाठी गं हा?" भरतकामाच्या शिबिरातल्या काकूंनी इवल्याशा गोधडीवरून हात फिरवत विचारलं.

"ताईच्या बाळासाठी. पुढच्या आठवड्यात मी मावशी होणार, काकू. मग माझा थाट बघा," मृण्मयीची टकळी सुरू झाली. बाकीच्या मुली हसल्या.

काकूंनी मात्र कात्री घेतली. "मावशीबाई, बाळाच्या पांघरुणाला मणी लावत नाहीत. एखादा सुटला, की थेट तोंडात जातो." तीन दिवस खपून लावलेले मणी त्यांनी उसवून डबीत भरले. मृण्मयीने नाक फुगवलं. पण नुसत्या दोऱ्याने मोर पुन्हा भरायला घेतला.

नंतर ती आठवडाभर आलीच नाही. आली ती थेट शेवटच्या दिवशी. बाकीच्या मुली आपापले तुकडे भिंतीवर टाचत होत्या.

"काय मावशीबाई, पेढे कुठायत?" काकूंनी विचारलं.

तिने पिशवीतून गोधडी काढली, मांडीवर पसरली. दोऱ्याचा मोर पिसाऱ्यासकट पुरा झाला होता.

"काकू, माझे मणी द्या ना," ती हळूच म्हणाली. "आता लावले तरी चालतील. बाळ दोनच दिवस होतं."