सुतकातला रविवार

रेकॉर्ड फिरत होती, पण अंगणात आवाज नव्हता. दिवाणखान्याच्या खिडकीतून एक काळी वायर बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला असलेला हेडफोन फास्वानेच्या हातात होता. त्याने तो शेपटीला धरलेल्या उंदरासारखा लांब धरला होता.

"दोन कोंबड्यांच्या किमतीत असले कान मिळतात?" त्याने विचारलं.

"विकणारा तीन सांगत होता. मी दोनवर आणला," माथापेलो म्हणाली. मामेलोडी वस्तीत दर रविवारी या अंगणात रेकॉर्ड लावून नाचणाऱ्या जाझ मंडळीत ती एकटीच बाई. रेकॉर्ड लावायचं काम पहिल्यापासून तिचं.

भिंतीपलीकडे दुखवट्याचा मांडव घातला होता. शेजारचे माखोबा शुक्रवारी गेले, आणि दफन पुढच्या शनिवारी. तोवर गल्लीत कुणी गाणं लावणार नव्हतं. ते सांगावं लागत नाही. पण लेसिबा बुधवारी केपटाउनला लेकीकडे कायमचा निघाला होता. या अंगणातला हा त्याचा शेवटचा रविवार. सकाळपासून तो दोनरंगी बूट घासून, टोपी घालून पायरीवर बसला होता आणि कुणाकडे काही मागत नव्हता.

"संगीत एकट्याने ऐकायचं," फास्वाने म्हणाला, "म्हणजे भिंतीकडे तोंड करून मटण खायचं."

"मग उपाशी राहा," माथापेलो म्हणाली. "मालोसे, तू घे आधी."

मालोसे शिंपी. त्याने हेडफोन लावला, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. "ड्रमवर ब्रश फिरतोय," तो म्हणाला. "मशीनखालून रेशीम सरकावं तसा. या रेकॉर्डवर ब्रश आहे, हे मला ठाऊकच नव्हतं."

"हळू बोल. तुझ्या कानावर टोपलं आहे, आमच्या नाही," माथापेलो म्हणाली.

शेवटी फास्वानेनेही लावला. तो बराच वेळ गप्प राहिला. बस चालवायचा तेव्हा त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, म्हणून सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. हेडफोन काढून त्याने तो दोन्ही हातांत नीट धरला.

"पियानोवाला श्वास घेतो," तो म्हणाला. "सूर लावायच्या आधी. गल्लीत वीज नव्हती तेव्हा गाडीच्या बॅटरीवर आपण हीच रेकॉर्ड ऐकायचो. एवढ्या वर्षांत तो माणूस श्वास घेतो हे मला कळलं नव्हतं."

"म्हणजे माझ्या कोंबड्या वाया नाही गेल्या."

"नाही गेल्या, ताई."

मग त्याने हेडफोन लेसिबाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने बसवला, टोपी त्यावर तिरकी ठेवली. माथापेलोने खिडकीतून हात घालून सुई पुन्हा सुरुवातीला नेली.

लेसिबा उठला. वायर पोचेल तेवढीच त्याची जागा होती. डोळे मिटून तो तिथेच उभा राहिला. आधी टाच हलली, तो ड्रम. मग गुडघे किंचित वाकले. "बास," मालोसे पुटपुटला. उजवा खांदा मागे गेला, पाय लांब सरकला आणि जागच्या जागी वळून परत आला.

"सॅक्सोफोन," फास्वाने म्हणाला. "बघ, कसा ऐकतोय. एक थेंब सांडत नाही."

मालोसे उभा राहिला. मग फास्वाने. मग माथापेलोही. लेसिबाच्या पायांकडे बघत ते त्याच्यासोबत नाचू लागले, आणि अंगणात फक्त चामड्याचे तळवे सिमेंटवर घासल्याचा आवाज येत राहिला.

फाटक करकरलं.

माखोबांची बहीण मोयाहाबो आत्या उभी होती. डोक्याला काळा रुमाल, खांद्यावर घोंगडी. पाय थांबले, टोप्या उतरल्या. लेसिबाचे डोळे मिटलेले होते; तो एकटाच नाचत राहिला.

फास्वाने पुढे झाला. "आत्या, माफ करा. पण आम्ही आवाज केला नाही."

"तेच विचारायला आलेय. वहिनीने पाठवलंय," आत्या म्हणाली. "सुतकाच्या गादीवर बसल्या बसल्या सारखी विचारते, आज रविवार ना, मग पलीकडे सामसूम का?"

"माखोबा तर दर रविवारी आमच्या नावाने ओरडायचे," मालोसे म्हणाला.

"ओरडायचा. चर्चमधला मोठा माणूस, ओरडायलाच हवं. ओरडून झालं की खुर्ची ओढत भिंतीपाशी नेऊन बसायचा."

फास्वानेने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. आत्या लेसिबाच्या बुटांकडे पाहत होती. त्याची टाच थांबली, हात सावकाश टोपीकडे गेला.

"आता ट्रम्पेट," ती म्हणाली.

लेसिबाने टोपी उचलली, डोळे उघडले आणि त्याला ती दिसली. त्याने घाईने हेडफोन काढला. मग त्याने तो तिच्यापुढे धरला.

"नको, न्ताते," ती वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाली. "मी सुतकात आहे." तिने घोंगडी सावरली. "रेकॉर्डला दुसरी बाजू आहे ना?"

"आहे."

"मग लावा."

फाटक बंद झालं. सगळे तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे, अगदी जवळ, खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

लेसिबाने हेडफोन लावला. माथापेलोने रेकॉर्ड उलटली, आणि जणू पलीकडे ऐकू जाणार होतं, अशी जपून सुई टेकवली.