खोट्या गोळ्या

"पुन्हा एकशेसत्तर!" सिस्टरने टेलरच्या दंडावरचा पट्टा सोडला. "काका, गोळ्या नेमाने घेताय ना?"

टेलरने पिशवीतून रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. औषधाच्या या चाचणीचा नियमच होता, जुनी बाटली रिकामी दाखवली की नवी मिळायची.

"हे विसरणाऱ्यातले नाहीत," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "माझा वाढदिवस विसरतील, पण गोळी नाही."

चाचणीतल्या निम्म्या रुग्णांना ब्लडप्रेशरचं नवं औषध मिळत होतं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पण टेलरचं प्रेशर वर्षभरात तसूभरही हललं नव्हतं. त्याच्या वाट्याला खोट्याच आल्या, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले. प्रेशरने किडन्यांची पार वाट लावली होती.

"आता दोनच मार्ग. डायलिसिस, नाहीतर दुसरी किडनी."

डायलिसिसचं नावही टेलरला नको असायचं. त्याचा थोरला भाऊ त्या मशीनला जोडलेला असतानाच गेला होता, टेलरच्या डोळ्यांदेखत. काहीही होवो, आपण तिथे झोपायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं.

बायकोची किडनी जुळत होती. पण गेल्या वर्षी, टेलरच्या किडन्या खालावू लागल्या तेव्हाच तिची तपासणी झाली, आणि तिचंच प्रेशर जास्त निघालं. "या प्रेशरवर एक किडनी काढली, तर उद्या तुम्हीच मशीनवर याल," असं सांगून डॉक्टरांनी तिला नापास केलं. त्या दिवशी ती दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मग तिने कंबर कसली. मीठ सोडलं, रोज सकाळी चालायला लागली.

आज डॉक्टरांनी तिचे नवे आकडे पाहिले. दिवसभर पट्टा बांधून घेतलेले, एकूण एक उत्तम.

"गोळी न घेता एवढं उतरलं? कमाल केलीत. पास!"

"अहो, ऐकलंत का?" तिला हसू आवरेना. "यांना औषधाने जमलं नाही, ते मी नुसतं चालून केलं."

टेलरचे डोळे भरून आले. "वाचलो गं," तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून होतं.

सिस्टरने नवी बाटली पुढे केली. "ऑपरेशनपर्यंत चालू ठेवा काका. खोट्या का असेनात."

दुसऱ्या दिवशी बायको चालून आली, तेव्हा टेलर ओट्यापाशी पाठमोरा उभा होता. नव्या बाटलीतली गोळी त्याने चमच्याखाली चुरडली, दुधाच्या पेल्यात टाकली आणि भुकटी दिसेनाशी होईपर्यंत ढवळली.

"वर्षभर हातात आयतं दूध मिळतंय," ती घाम पुसत म्हणाली. "लाडावून ठेवलंत मला."

"घे," तो पेला देत म्हणाला. "तळाशी काही ठेवू नकोस."