पूल ओलांडेपर्यंत

धरणाचे दरवाजे उघडायला पाच गावांतल्या पाच जणांना आपापल्या घरून एकाच वेळी बटण दाबावं लागे. प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्टीत इतर चौघांच्या नाडीचे ठोके जाणवत. आज प्रमुखपदाची पाळी इरावतीची होती. पाणी धोक्याच्या रेषेला टेकलं होतं आणि त्या चौघांपैकी भुजंगची नाडी सुसाट धावत होती.

“भुजंगराव, काय झालं?” पाचही घरं जोडणाऱ्या स्पीकरवर इरावतीने विचारलं.

“काही नाही मॅडम. उघडा दरवाजे.”

“खरं सांगा.”

“बायको खालच्या पुलावर अडकलीय.”

इरावतीने बाकीच्यांना विचारलं, “दहा मिनिटं थांबायचं?”

“थांबू,” शमीम म्हणाली. “पण जबाबदारी पाचही जणांची लिहा.”

नवव्या मिनिटाला भुजंगने फोन खाली ठेवला. “पोचली पलीकडे.”

पाचही बटणं दाबली गेली. तीन वर्षं सोबत काम करणाऱ्या शमीमने मग पहिल्यांदाच विचारलं, “वहिनींचं नाव काय?”